साधी सर्दी

इथे ईडन प्रेरीत मराठी मंडळाच्या संक्रांतीला गेलं, की कोणीतरी काकू भारतातून नवीन आलेल्या जोडप्याला माझ्यासमोर आणून उभं करतात. "ही आपली शर्वरी. ही फायटर विमान चालवायची, बरं का!" मग बायको डोळे मोठे करते आणि नवरा हमखास विचारतो, "किती पाडलीत?" एकही नाही, असं मी सांगते. युद्ध वाळवंटात चालू होतं आणि मी त्या वेळी अलास्कात होते, तिथे पडायचा तो फक्त बर्फ. बिचाऱ्याचा चेहरा उतरतो, मी तिळगुळाच्या डब्याकडे वळते, आणि विषय मुलांच्या शाळांवर जातो. बरंच असतं ते. त्या हिवाळ्यातलं जे खरोखर सांगण्यासारखं आहे ते हातात कागदी प्लेट घेऊन उभ्याउभ्या सांगता येत नाही. आता पन्नाशी उलटली, मान धरते, सकाळी मोजे चढवताना तोंडातून आईगं निघतं. सगळं बसूनच करायचं, तर म्हटलं हेही बसून लिहून टाकावं.

आमच्या तळावर त्या हिवाळ्यात निम्मी स्क्वाड्रन नव्हती. अनुभवी माणसं युद्धावर गेली होती आणि उरलेले आम्ही, बरेचसे नवखे, उत्तरेचं आकाश राखत बसलो होतो. राखणं म्हणजे काय, तर धावपट्टीच्या टोकाला एका शेडमध्ये दोन विमानं कायम तयार उभी असत आणि शेजारच्या खोलीत दोन वैमानिक बूट घालूनच बसलेले असत. कुठलं अनोळखी विमान आपल्या दिशेने येताना दिसलं की भोंगा वाजायचा, आणि हातातला घास टाकून पळायचं. याला अलर्ट म्हणत. बहुतेक दिवस भोंगा वाजतच नसे. पत्ते, जुने पिक्चर, पॉपकॉर्नचा वास, आणि टीव्हीवर आपल्याच मित्रांचं युद्ध. बाहेर जेवायच्या वेळेला कुठे जरासं उजाडायचं आणि दुपारचा चहा होईपर्यंत परत काळोख. श्वास घेतला की नाकातले केस गोठायचे. गाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून प्रत्येक गाडीच्या पुढून एक वायर लोंबत असे, ती घराच्या प्लगमध्ये खोचून ठेवायची. आणि वर गेलं की खाली मैलोन्‌मैल नुसतं पांढरं, एक दिवा नाही, आणि कानात मास्कमधला आपल्याच श्वासाचा आवाज. एकटं असण्याची मला सवय होती. वर्गातली एकटी सावळी मुलगी, मग ट्रेनिंगमधली एकटी बाई, असं करत करतच मी तिथवर पोचले होते. पण त्या आकाशातलं एकटेपण अंगावर यायचं. खाली उतरल्यावर मी काही घ्यायचं नसताना किराणा दुकानात जायचे आणि सगळ्यात लांब रांगेत उभी राहायचे, माणसं बघायला.

त्याच हिवाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली. बाबा उन्हाळ्यात गेले होते आणि ॲन आर्बरचं घर तिला खायला उठत होतं. आई लहान मुलांची डॉक्टर. गावातल्या निम्म्या पोरांच्या घशात तिने बॅटरी मारून पाहिलेलं. तिने दवाखाना एका तरुण डॉक्टरच्या हवाली केला आणि दोन बॅगा भरल्या. विमानतळावर मी विचारलं, "आई, स्वेटर किती आणलेस?" तर म्हणाली, "एक. बाकी कुकर आहे, पोळपाट आहे आणि गोडा मसाला. थंडीचं काय, तुम्ही लोक हीटर लावताच." तळावरचं ते सरकारी घर तिने आल्या आल्या ताब्यात घेतलं. दही लागेना, म्हणून हीटरच्या जाळीवर पातेलं ठेवून त्याला माझी जुनी लोकरी टोपी घातली. रोज सकाळी उठून आधी दही बघायची, मग मला. खिडकीबाहेर मूस यायचा, घोड्याहून उंच, थोराड जनावर. ती पडदा सारून त्याला सांगायची, "आज काही नाहीये रे, उद्या ये." कुकरच्या शिट्ट्या आणि विमानं नेमकी एका वेळी वाजायची, मग ती वैतागायची, "तुमच्या त्या विमानांपायी माझी डाळ कच्ची राहते."

दिवसभर ती एकटी असायची. ॲन आर्बरला पोरांच्या आयांचे फोन तिला जेवू द्यायचे नाहीत, इथे फोन वाजायचा नाही. नवरा नाही, पेशंट नाहीत, ऊन नाही. ती खुर्ची खिडकीशी ओढून बसायची आणि विमान उतरल्याचा आवाज आला की उठून भात लावायची. विमान माझंच असायचं असं काही नाही. मी म्हणायचे, "अगं आई, ते दुसऱ्याचं होतं." "असू दे की. त्यालाही भूक लागली असेल," ती म्हणायची.

डॅनीला तर नेहमीच लागलेली असायची. डॅनी माझ्याबरोबरच स्क्वाड्रनमध्ये आलेला, आयोवातल्या मक्याच्या शेतांमधला, लाल केसांचा, एकटाच राहणारा. पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा त्याने लोणी घालून थालीपीठ खाल्लं आणि लाजत विचारलं, "अजून एक मिळेल का?" आई तिथेच विरघळली. पुढे तो बोलावण्याची वाट बघेनासा झाला. लसणीची चटणी खायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा, "शॅरी, तुझी आई मला मारून टाकणार" म्हणायचा आणि पुन्हा चटणी घ्यायचा. तिथे सगळे मला शॅरीच म्हणत. आमच्या दोघांचं काहीतरी आहे असं लोकांना वाटे. वाटेना का! आम्ही सख्ख्या भावंडांसारखे भांडायचो. एकदा भांडी पुसता पुसता तो म्हणाला, वर गेलं की त्यालाही कधी कधी खूप एकटं वाटतं. फायटर पायलट असं बोलत नाहीत. मी "हं" एवढंच म्हणाले, पण ते वाक्य मला पुढे पुष्कळ दिवस पुरलं.

आता सर्दीचं. वैमानिकाला सर्दी झाली की त्याने उडायचं नाही, असा नियम. वरून झपाट्याने खाली येताना चोंदलेल्या कानात दाब अडकतो, पडदा फाटू शकतो, गरगरतं, आणि त्या वेगात गरगरलं की वर कुठे नि खाली कुठे ते कळत नाही. नियम सगळ्यांना पाठ होता आणि सर्दी सगळेच लपवत होते. डॉक्टरकडे जाणं म्हणजे घरी बसणं, आणि माणसं इतकी कमी होती की आपण घरी बसलो की आपली पाळी दुसऱ्याच्या बोडक्यावर. माझी अलर्टची पाळी दुसऱ्या दिवशी होती आणि मला संध्याकाळी शिंका सुरू झाल्या.

"घसा दाखव," आई म्हणाली.

"आई, मी अठ्ठावीस वर्षांची आहे."

"बरं मग? आ कर."

तिने बॅगेतून कान तपासायचा दिवा काढला. स्वेटर एकच आणणारी बाई, पण तो दिवा काही विसरली नव्हती. माझा कान धरून, मी पाच वर्षांची असल्यासारखं डोकं वाकवून तिने आत बघितलं. "उजवा पडदा आत ओढलाय. उद्या उडायचं नाही."

"साधी सर्दी आहे गं."

"साधीच आहे. घरी बसून बरी होईल अशी."

"घरी कशी बसू? माणसं नाहीयेत. मी नाक दाबून, जोर लावून कान मोकळा करते, सगळे तेच करतात. आणि प्लीज, तू यात पडू नकोस."

"बरं," आई म्हणाली आणि दिवा डब्यात ठेवला. जन्मभर तिच्याबरोबर काढूनही माझ्या लक्षात आलं नाही. आईचं "बरं" म्हणजे होकार नव्हे. तिच्यापुरती चर्चा संपली, एवढाच त्याचा अर्थ.

तळावरच्या प्रत्येक घरात फ्रिजवर एक नंबर चिकटवलेला असायचा, घरच्यांना काही अडीअडचण आली तर फिरवायला. सकाळी मी निघाल्यावर आईने तो फिरवला, स्क्वाड्रनच्या डॉक्टरला फोनवर बोलावून घेतलं, आणि एका डॉक्टरने दुसऱ्याशी बोलावं तसं त्याला माझ्या उजव्या कानाचं सगळं वर्णन ऐकवलं. मी उडताना घालायचा तो जाड रबरी सूट अंगावर चढवत होते, एक पाय आत नि एक बाहेर, तेवढ्यात डॉक्टर स्वतः खोलीत आला. माझ्याच वयाचा पोरगा, लाजेने लाल झालेला. "शॅरी," तो म्हणाला, "तुझ्या आईचा फोन आला होता."

खोलीत एकच हशा पिकला. आमचा कमांडर, जो हसतो हे मला तोवर माहीत नव्हतं, तो भिंतीला टेकून हसत होता. शाळेत चिठ्ठी पाठवतात तसं माझ्या आईने युद्धकाळात फायटर स्क्वाड्रनला कळवलं होतं, की आमच्या मुलीला सर्दी आहे, तिला आज पाठवू नये. डॉक्टरने कान बघितला आणि माझं नाव कापलं. डॅनीला त्या दिवशी सुट्टी होती, उगाचच येऊन कॉफी पीत बसला होता. "मी जातो की," तो म्हणाला, "मला तिथे झोप फार छान लागते." आणि जायच्या आधी त्याने पाळ्या लिहायच्या पांढऱ्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "आईच्या परवानगीशिवाय शॅरीला विमान देऊ नये." खाली एक गळकं नाकही काढलं.

घरी येऊन मी दार आपटलं. "सगळ्यांसमोर माझं नाक कापलंस तू!"

"कापलेलं नाही, चोंदलंय," आई म्हणाली. "वाफ घे."

मी खोलीत गेले, कडी लावली, आणि आता हिच्याशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं. आमच्या घराण्यात अबोला धरण्यात कोणी कच्चं नाही.

दुपारी, बाहेर जेमतेम उजाडलेलं असताना, दोन विमानं उडाली. ओट्यावरची भांडी थरथरली. अनोळखी म्हणून ज्याच्यामागे ती धावली ते साधं मालवाहू विमान निघालं, रेडिओ बंद पडलेलं. त्याला बघून दोघे परत फिरले. तोवर इकडे धुकं उतरलं होतं. अति थंडीत हवेतली वाफच गोठते आणि तिचे कण तरंगत राहतात. तसलं धुकं आलं की हात लांब केला तरी बोटं दिसत नाहीत. मी पलंगावर बसून कान देऊन ऐकत होते. एक विमान उतरलं. मग बराच वेळ काहीच नाही. दाराबाहेर आईची चाहूल लागली. "शरू," ती म्हणाली, "एकच उतरलं गं." मला ते माहीत होतं. मी उत्तर दिलं नाही.

डॅनीचं विमान तळाच्या अलीकडच्या डोंगरावर सापडलं, धुकं विरल्यावर. त्याला खाली-वर कळेनासं झालं असावं, असं म्हणाले. पुढे रीतसर चौकशी झाली, निष्कर्ष निघाले, त्यात माझ्या सर्दीचा कुठे उल्लेख नव्हता. ती पाळी त्याने स्वतःहून घेतली होती आणि धुकं कोणाच्या हातात नसतं. मला कोणी काही बोललं नाही. उलट माणसं माझ्याशी इतकी हळू आवाजात बोलायला लागली की किंचाळावंसं वाटे. बोर्डावरचं डॅनीचं अक्षर पुसायला कोणाचा हात होईना. पुढच्या आठवड्याच्या पाळ्या त्याच्या कडेकडेने लिहिल्या गेल्या, शेवटी कमांडरने तो बोर्डच उतरवून नेला आणि नवीन लावला.

घरी आई आणि मी. तिने ताट वाढायचं, मी जेवायचं, उठायचं. कुकर, हीटर आणि घड्याळ, एवढेच आवाज. एकदा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मला डॅनियलचं फार वाईट वाटतंय," ती म्हणाली. "झोप येत नाही मला. पण फोन केल्याचं वाईट वाटत नाही. आता तुझ्यासाठी खोटं बोलू का?" मी तिच्या बाजूने निघून गेले. इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही: ती चुकली असं मला वाटत नव्हतंच. पहाटे जाग यायची आणि पहिला विचार यायचा तो, मी आहे, मी जिवंत आहे. बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याची मला इतकी शिसारी यायची, आणि आईला ते नक्की कळतंय याचा इतका राग यायचा, की तिच्याकडे बघवत नसे. ज्याला हे सांगता आलं असतं तो एकच माणूस तिथे होता, आणि तोच गेला होता.

मग डॅनीची आई आली. हेलन. बुटकी, रुंद, शेतावर राबलेल्या हातांची बाई. वडील फार आधीच गेले होते, डॅनी एकुलता एक. तळावर पाहुण्यांसाठी चांगल्या खोल्या होत्या, पण आईने परस्पर कमांडरला सांगून टाकलं की हेलन आमच्याकडे राहतील. मला हे हेलनची बॅग दारात आली तेव्हा कळलं. आपल्याकडे माणूस गेलेल्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. आईचा हिशोब सरळ होता: त्या बाईचं घर इथे नाही, तेव्हा शेजारी आपण. तिथल्या बायकाही काचेच्या भांड्यांतून चीजचे, बटाट्यांचे प्रकार आणून दारात ठेवत होत्या. "यांच्यातही तसंच असतं की," आई स्वतःशीच म्हणाली. घरात तिच्याशी बोलणारं कोणी नव्हतंच.

दोन दिवस हेलन आमच्यात राहिली, आईच्या खोलीत झोपली, माझ्या गाडीतून डॅनीसाठीच्या प्रार्थनेला गेली आणि आली. ती डॅनीच्या लहानपणचं सांगायची, आई ऐकायची, मी ऐकायचे. आणि मला एकच धास्ती होती. आई सांगणार. तिला पोटात ठेवता येत नाही असं नव्हे, ती ठेवत नाही. पेशंटच्या आईबापांपासून तिने कधी काही लपवलं नाही, आता काय लपवणार? हात जोडून म्हणावंसं वाटत होतं, आई, हिला सांगू नकोस गं, हिला हे कशाला? पण तेवढं म्हणायलासुद्धा मला तोंड उघडावं लागलं असतं.

निघायच्या दिवशी हेलन स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. आई पिठलं ढवळत होती. मी कपाटात ताटल्या लावत होते. बाहेर निळसर उजेड होता, दुपारचा.

"हेलन," आई इंग्रजीत म्हणाली, "त्या दिवशी शर्वरीची पाळी होती. तिला सर्दी होती. मी डॉक्टरला फोन करून सांगितलं, म्हणून तिला घरी बसवलं, आणि तुमचा मुलगा गेला. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये."

माझ्या हातात ताटली तशीच राहिली. हेलनने टेबलावरचे हात मांडीवर घेतले. मला वाटलं ती उठेल, बॅग घेईल, आणि मला तिला थांबवताही येणार नाही.

"डॅनीने सर्दी झाल्याचं मला कधी सांगितलं नसतं," ती म्हणाली. "आणि सांगितलं असतं तरी फोन कुठे करायचा ते मला माहीत नव्हतं." तिने नाक पुसलं. "तुम्ही केलंत ते बरोबर केलंत, डॉक्टर. फक्त मला ते ऐकून बरं वाटावं असं म्हणू नका."

"नाही म्हणत," आई म्हणाली.

हेलनने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. दोन दिवसांत तिच्या लक्षात आलंच असणार. "मुलगी बोलेनाशी होईल असं नाही वाटलं तुम्हाला?"

"वाटलं ना. ओळखते मी तिला. म्हटलं, नाही बोलली तर नाही बोलली. घरात असेल तरी."

आणि मग आपण हे कोणाला म्हणालो ते तिच्या ध्यानात आलं. डाव तसाच हातात, ती शेगडीसमोर थिजून गेली. मी आईला तोवर कशालाच घाबरलेलं पाहिलं नव्हतं. हेलन हलली नाही. तिने फक्त मान डोलावली, हळू, एकदा. "हो," ती म्हणाली. "तेवढंच पुरतं."

पिठल्याचा जळका वास सुटला होता आणि आईला तो येत नव्हता.

"आई," मी म्हणाले, "पिठलं लागतंय."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं, शेगडी बंद केली, आणि ओट्याला धरून रडायला लागली, बाबा गेले तेव्हासुद्धा रडली नव्हती तशी. मी ताटली खाली ठेवून तिच्याकडे धावले. पण हेलन माझ्याआधी पोचली होती.